सातेरीच्या पाच पेट्या कुठे ठेवू? परड्यात, काजूत की देवराईच्या कडेला?

ओढ्याकाठी
३ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आजरा तालुक्याच्या पश्चिम टोकाला, आंबोलीच्या बाजूला आमचं गाव. मधमाशीपालनाचं प्रशिक्षण गेल्या महिन्यात पूर्ण केलं. सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, पाच वसाहती डिसेंबरअखेर मिळणार आहेत. रिकाम्या पेट्या येऊन ओसरीवर रचून ठेवल्यात. आता सगळं अडलंय जागेवर.

प्रशिक्षणात सांगितलेलं वहीत आहे. पेटीचं दार पूर्वेला किंवा आग्नेयेला, सकाळचं कोवळं ऊन, दुपारची सावली, जवळ स्वच्छ पाणी, वाऱ्याला आडोसा, पेटी जमिनीपासून फूट-दीड फूट वर, स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत, आणि पेटी पुढच्या बाजूला किंचित उतरती म्हणजे पाऊस आत जात नाही. पण माझ्याकडे तीन जागा आहेत आणि थोडंफार केलं तर तिन्हीकडे हे बसवता येतं. मग निवडायची कशावरून?

पहिली जागा घरामागचं परडं. विहीर आहे, दोन नारळ, शेवगा, लिंबू. उठताबसता लक्ष राहील. पण तिन्ही बाजूंनी ऊस आणि गुऱ्हाळ अर्ध्या किलोमीटरवर.

दुसरी काजूचा माळ. आमची सत्तर झाडं, त्याच्या पलीकडे शेजाऱ्यांचे काजूच काजू. उतार पूर्वेकडे, ऊन छान. पाण्यासाठी ओढा खाली चारशे मीटरवर.

तिसरी देवराईची कड. आमच्या वरच्या शेताचा बांध देवराईला लागून आहे. आत जांभूळ, हिरडा, अंजनी, गेळा, शिकेकाई. मार्चमध्ये तिथे उभं राहिलं तर डोक्यावर नुसती गुणगुण ऐकू येते. पण घरापासून सव्वा किलोमीटर लांब, अस्वलाची भीती, आणि पावसाळ्यात तिथे चार महिने धुकं हलत नाही.

सासूबाई म्हणतात परड्यात ठेव. यांना वाटतं काजूत ठेवल्या तर बी जास्त धरेल. माझा जीव देवराईत अडकलाय. अनुभवी लोकांनी कृपया सांगावं.

---

रानजाई
३ नोव्हेंबर, रात्री १०:१५

फार छान धागा. मला यातलं काही कळत नाही, पण वाचत राहणार. ताई, शुभेच्छा!

---

मधपाळ_जावळी
४ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

ताई, माणसांना विचारायच्या आधी रानातल्या सातेरीला विचारा.

मी जावळीच्या खोऱ्यातला. वडिलांच्या वेळेपासून घरात पेट्या आहेत. आमच्याकडे हे काम जुनं. महाबळेश्वरात १९४६ साली सरकारी पातळीवर सुरुवात झाली, पुण्याची केंद्रीय मधमाशी संस्था त्यानंतर, १९६२ ची. २०२२ मध्ये शेजारचं मांघर 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं ते बहुतेकांना माहीत असेल. पण जागा निवडायची आमची रीत त्याहून जुनी आहे.

सकाळी नऊच्या सुमारास ओढ्यावर जा. जिथे पाणी उथळ आहे, दगडावर ओलं शेवाळ आहे, तिथे बसा. सातेरी तिथे पाणी प्यायला येते. प्यायल्यावर ती वर उठते, एक गिरकी घेते आणि सरळ घराकडे जाते. दिशा धरून ठेवा. दहा-बारा माश्यांची दिशा बघितली की कळतं वसाहती कुठे आहेत. मग त्या दिशेला झाडांच्या ढोल्या, जुनी वारुळं, दगडी बांधातल्या फटी बघत चला. जिथे रानातली सातेरी बारा महिने टिकून आहे तिथे तुमची पेटी टिकेल. जिथे ती फक्त मार्चमध्ये दिसते आणि जूनमध्ये गायब होते, तिथे तुमचीही जाणार. ती पेटीतून पळून जाईल एवढाच फरक.

दुसरं. तुमच्या शेतात काय आहे यावर फार जाऊ नका. सातेरी साधारण एक किलोमीटरच्या आत चरते, फार तर दीड. एक किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे पावणेआठशे एकर झालं. त्यात तुमचे दोन-तीन एकर कुठल्या कुठे. म्हणून प्रत्येक जागेभोवती ते वर्तुळ पायांनी फिरून या, आणि वहीची बारा पानं करा. एकेका महिन्याला त्या वर्तुळात काय फुलतं ते लिहा. मार्च, एप्रिल, मे ही पानं सगळ्यांचीच भरतात. जून, जुलै, ऑगस्ट या पानांवर काय लिहिता येतंय ते बघा. जागा त्या तीन पानांवर ठरते.

ऊस बारा महिने हिरवा दिसतो म्हणून फसू नका. तो फुलायच्या आत तुटतो आणि तुरा आला तरी माशीला त्यात मकरंद नाही.

---

बिजवाई
४ नोव्हेंबर, दुपारी २:०५

काकांचं बरोबर आहे, पण मी दुसऱ्या टोकाचा माणूस असल्यामुळे माझंही सांगतो. आमच्याकडे मेलिफेरा, म्हणजे परदेशी मधमाशी आहे, दीडशे पेट्या, आणि आम्ही जागा निवडत नाही, फुलोरा निवडतो. फेब्रुवारी-मार्चला देऊळगाव राजा, जालना भागात कांद्याच्या बिजवाईवर (बियाण्यासाठी लावलेल्या पिकावर), थंडीत राजस्थानात मोहरीवर, कधी सूर्यफूल, कधी डाळिंब. ट्रक भरला की निघालो.

तरी पेटी जिथे उतरते ती जागा बघावीच लागते. कांद्याचंच सांगतो. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असतं, माशीला तो फारसा आवडत नाही. आम्ही सुरुवातीला गोंडे फुटायच्या आधीच पेट्या नेऊन ठेवल्या. माशीने तीन दिवसांत बांधावरची बोर आणि शेजारची कोथिंबीर शोधली आणि मग कांद्याकडे ढुंकून बघितलं नाही. बियाणं कमी भरलं, शेतकरी आमच्यावर चिडला आणि ते बरोबरच होतं. आता दहा टक्के गोंडे उमलल्याशिवाय पेटी नेत नाही. म्हणजे जागा तीच, पण नेण्याचा दिवस चुकला तर जागा फुकट.

ताई, एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. पेटी एकदा मांडली की पन्नास मीटर इकडे, शंभर मीटर तिकडे असं करता येत नाही. चरायला गेलेली माशी जुन्या जागी परत येते आणि हवेत घिरट्या घालून मरते. हलवायची तर रोज एखाद-दोन फूट सरकवा, नाहीतर एकदम दोन-तीन किलोमीटर लांब न्या. म्हणून आत्ता दोन महिने विचार करताय ते योग्य आहे.

---

खडकओहळ
४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:५०

मेलिफेरा का नाही घेत? मध कितीतरी जास्त मिळतो असं ऐकलंय.

---

मधपाळ_जावळी
५ नोव्हेंबर, सकाळी ६:१०

मिळतो, फिरवली तर. घाटमाथ्याच्या पावसात एका जागी ठेवली तर नाही. आमच्या ओळखीतल्या एकाला एका पुरवठादाराने घाटात मेलिफेराच्या वीस पेट्या दिल्या, 'काही करावं लागत नाही' असं सांगून. गणपतीपर्यंत दोन उरल्या. माणूस कर्जात गेला आणि त्याने परत माशीचं नाव काढलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण हात चांगला होता त्याचा.

सातेरी इथलीच आहे. आणि वसाहतीसुद्धा शक्यतो जवळपासच्याच घ्या. १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने दक्षिणेत सातेरीच्या पेट्याच्या पेट्या रिकाम्या केल्या. अळ्या पिशवीसारख्या फुगून मरायच्या. लांबून आणलेल्या पेटीबरोबर काय येईल सांगता येत नाही.

---

ओढ्याकाठी
११ नोव्हेंबर, रात्री ९:१५

काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे पाच सकाळी ओढ्यावर बसले. मुलगी शाळेत जायच्या आधी माझ्याबरोबर येत होती, तिने दिशा मोजायला काटक्या रोवल्या. एकवीस माश्यांपैकी पंधरा देवराईकडे गेल्या, चार वरच्या खोपीच्या (शेतातल्या झोपडीच्या) बाजूला, दोन कुठे गेल्या ते कळलं नाही. काजूच्या माळाकडे एकही नाही. घराकडेही एक नाही.

खोपीजवळ एक जुनं जांभूळ आहे. त्याच्या बुंध्यात, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर, एक फट आहे. इतकी वर्षं तिथून भाताची पेंडी घेऊन जाते, कधी वाकून बघितलं नव्हतं. परवा बघितलं. दोन बोटं जाईल एवढीच फट, कडेला मेण चोपडल्यासारखा काळसर चकचकीत रंग, आणि दोन माश्या पंख हलवत उभ्या. यांचे वडील सांगतात, ते लहान असल्यापासून तिथे मोहोळ आहे.

मग गुऱ्हाळावर गेले. हंगाम आत्ताच सुरू झालाय. चरकाखालच्या रसाच्या टाकीवर पोतं टाकलेलं असतं, पण कडेने उघडं. गुळव्या काहिलीतली मळी झाऱ्याने काढून एका डब्यात ओतत होता. त्या डब्यात बघितलं तर हिरवट फेसात माश्याच माश्या. काही सातेरी, काही आग्या, बारक्या फुलोरीसुद्धा. काही अजून पाय हलवत होत्या. मी काडीने चार-पाच काढून पानावर ठेवल्या, पण पंख चिकटलेले, एकही उडाली नाही. गुळव्या म्हणाला, "ताई, रोज पाटीभर निघतात. काय करायचं?" त्याच्या आवाजातही हळहळ होती.

परडं मनातून गेलं. सासूबाईंनाही नेऊन दाखवलं, त्यांनी काही न बोलता मान हलवली.

---

बिजवाई
११ नोव्हेंबर, रात्री १०:४०

गुऱ्हाळ आणि रसवंती, दोन्हींपासून लांब. माशी मरते हे एक झालं. वाचलेली रस घेऊन घरी जाते आणि पोळ्यात भरते. तो मध नव्हे. आंबतो, आणि काढलेल्या चांगल्या मधात मिसळला तर सगळा माल जातो. गुळव्याला विनंती करून टाकीवर बारीक जाळी बसवता आली तर बघा. तुमच्या पेट्या तिथे नसल्या तरी रानातली माशी वाचेल.

---

काजूबाग_चंदगड
१२ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

ताई, मी शेजारच्या तालुक्यातला, काजूच करतो. काजूच्या जागेबद्दल स्पष्ट सांगतो.

काजूला ढेकण्या (रस शोषणारा किडा) येतो, त्यासाठी तीन फवारण्या ठरलेल्या असतात: पालवीला, मोहोराला आणि बी धरताना. दुसरी फवारणी नेमकी माशी मोहोरावर असते तेव्हाच. तुम्ही स्वतः थांबाल, पण शेजाऱ्यांचं काय? आमच्याकडे एका बाईंच्या चार पेट्या अशाच गेल्या. सकाळी पलीकडच्या बागेत पंप फिरला आणि दुपारी पेटीच्या दारात माश्यांचा खच. बाहेर गेलेल्या कामकरी संपल्या, आत पिल्लांना भरवायला कोणी उरलं नाही.

मी आता मोहोरातली फवारणी संध्याकाळी सूर्य बुडल्यावर करतो आणि आदल्या दिवशी आजूबाजूच्या पेटीवाल्यांना फोन करतो. त्या दिवशी ते दाराला जाळी लावून ठेवतात. एवढं केलं तरी बराच फरक पडतो. पण सगळा माळ असं करेल याची खात्री नसेल तर पेट्या मधोमध ठेवू नका. कडेला ठेवा. माशी काजूवर येईलच, पण तिला दुसरीकडे जायलाही वाट राहील.

बी धरण्याबद्दल: काजूच्या मोहोरावर माशीबरोबर मुंग्या आणि इतर किडेही काम करतात. सातेरीने फायदा होतो, पण फक्त तेवढ्यासाठी पेट्या मधोमध हव्यात असं नाही.

---

खडकओहळ
१२ नोव्हेंबर, दुपारी १:००

आजरा-चंदगडात हत्ती येतात ना? हत्ती मधमाशीला घाबरतो म्हणतात. मग देवराईच्या कडेला पेट्या ठेवल्या तर दोन्ही कामं होतील.

---

काजूबाग_चंदगड
१२ नोव्हेंबर, रात्री ८:२०

हत्ती माशीला टाळतो हे खरं. केनियात पेट्यांची कुंपणं करून ते दाखवलं गेलंय आणि खादी आयोगाने २०२१ च्या मार्चमध्ये कर्नाटकातल्या कोडगूत त्यावरूनच प्रकल्प सुरू केला. पण त्यात पेट्या ओळीने, हत्तीच्या वाटेवर असतात. हत्ती आला की पेटी हलावी आणि माशी बाहेर पडावी अशी मांडणी करतात. एका कोपऱ्यात शांत ठेवलेल्या पाच पेट्यांनी हत्ती अडणार नाही. आणि अस्वल तर मधासाठीच येईल. ताईंनी त्या भरवशावर राहू नये.

---

कुळागर
१३ नोव्हेंबर, सकाळी ७:४५

गोव्यातून, सत्तरी तालुक्यातून लिहितोय. आमच्या कुळागरात (नारळ-सुपारीच्या बागेत) सातेरी वर्षभर टिकते, याचं कारण मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. नारळ आणि सुपारीला एकामागून एक पोय (फुलोरा) येत राहते, त्यामुळे जुलैमध्ये पाऊस दोन तास थांबला तरी माशीला काहीतरी मिळतं. पाटाचं पाणी आहेच. ताईंच्या परड्यातले दोन नारळ त्यामुळे मोलाचे आहेत, पण दोनच आहेत.

एक इशारा. कुळागरात आत, दाट सावलीत ठेवलेल्या पेट्या आमच्या कायम अशक्त राहिल्या. लाकूड ओलं राहतं, पोळ्याच्या चौकटींना बुरशी, मेणकिडा (मेणाची पोळी खाणारी अळी) लवकर लागतो. तीच पेटी कुळागराच्या पूर्वेच्या कडेला, जिथे आठ वाजता ऊन पडतं तिथे नेली आणि दोन महिन्यांत भरली. म्हणून देवराईच्या आत नको. कड चांगली, पण कुठली कड ते बघा. सकाळचं पहिलं ऊन पडतं ती.

---

पाटगावकडची
१३ नोव्हेंबर, रात्री ९:००

मी भुदरगडातली, आमच्याकडेही मधाचं काम बरंच आहे. सगळे माशीच्या बाजूने बोलताहेत, मी पाळणाऱ्या बाईच्या बाजूने बोलते.

पहिल्या वर्षी मी पेट्या लांब, अगदी चांगल्या रानात ठेवल्या होत्या. फुलं भरपूर, पाणी भरपूर. जूनमध्ये रोपलावण सुरू झाली. सकाळी सहाला चिखलात उतरायचं, अंधार पडल्यावर घरी. तीन आठवडे पेट्यांकडे जाणं झालं नाही. गेले तेव्हा दोन पेट्या रिकाम्या. तिसरीत मेणकिड्याने अशी जाळी विणली होती की चौकट उचलली तर पोळं हातात तुकड्या-तुकड्यांनी आलं. त्या जाळीत अळ्या वळवळत होत्या. मला रडू आलं.

मेणकिडा जागेमुळे नाही लागला. वसाहत उपाशी राहून लहान झाली, तिला सगळ्या पोळ्यांवर पहारा देता आला नाही, म्हणून लागला. पावसाळ्यात दर चार-पाच दिवसांनी साखरेचा पाक द्यावा लागतो, रिकाम्या चौकटी काढून घ्याव्या लागतात, दार लहान करावं लागतं. जी जागा तुमच्या रोजच्या वाटेवर नाही ती जागा कितीही सुंदर असली तरी घेऊ नका. बायकांनी तर नाहीच, कारण आपल्याला 'पेट्या बघायला' म्हणून वेगळा तास कोणी देत नाही. वाटेवर असेल तर भारा उतरवून पाच मिनिटं बघणं होतं.

---

मधपाळ_जावळी
१४ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

पाटगावकडच्या ताईंचं मी मनापासून मान्य करतो. हे मी आधी सांगायला हवं होतं.

मग ओढ्याकाठी ताई, तुम्ही स्वतःच जागा सांगितली आहे. खोपी. रानातली सातेरी तिथे जांभळात दोन पिढ्या राहतेय. तुमच्या भाताची वाट तिथूनच जाते. देवराई आणि गुऱ्हाळ तिथून किती लांब?

---

ओढ्याकाठी
१४ नोव्हेंबर, रात्री ८:५५

खोपी घरापासून सातशे मीटर, देवराईच्या वाटेवर. देवराई तिथून साडेपाचशे मीटर. गुऱ्हाळ घराच्या उलट दिशेला, म्हणजे खोपीपासून बाराशे मीटर होतं. काजूचा माळ दक्षिणेला तीनशे. पश्चिमेला टेकाड आहे, त्यामुळे पावसाळी वारा थेट लागत नाही. पूर्वेला भाताची खाचरं, सगळं मोकळं, ऊन साडेसातला येतं. ओढ्याचा एक पाझर शंभर पावलांवर आहे, तिथेच मी बसत होते.

बारा पानांची वही केली. सप्टेंबर-ऑक्टोबरला कारळा आणि सोनकी. नोव्हेंबरला तिळाचं थोडं, शेवगा. डिसेंबरपासून काजू, मग सावर, पांगारा, आंबा. फेब्रुवारी-मार्चला अंजनी. त्यानंतर शिकेकाई, करंज, जांभूळ, गेळा, ऐन, हिरडा, मेअखेरपर्यंत. टेकाडाच्या उतारावर कारवी आहे, पण ती सात-आठ वर्षांनी एकदा.

जून, जुलै, ऑगस्ट ही पानं कोरी राहिली. सासूबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "तेव्हा आपल्यालाच काय मिळत होतं?"

---

मधपाळ_जावळी
१५ नोव्हेंबर, सकाळी ६:००

कोरी राहिली ते खरं लिहिलंत, बरं केलंत. पुष्कळ लोक तिथे 'रानफुलं' असं लिहून मोकळे होतात.

आमच्याकडे पूर्वीपासून दोन रीती आहेत. एक, पाक देत सांभाळायचं. दुसरी, रोहिणीचा पाऊस पडायच्या आत पेट्या खाली पूर्वेला, कमी पावसाच्या गावात न्यायच्या आणि पाऊस उघडला की परत आणायच्या. तुमच्याकडे तर पाऊस तीस-चाळीस किलोमीटरमध्ये निम्म्याहून कमी होतो. गडहिंग्लजच्या पूर्वेला कोणी आहे का ओळखीचं? मका असेल तर पराग मिळतो. दोडका, काकडी, भोपळ्याचे वेल असतील तर फारच उत्तम.

कारवीबद्दल एक सांगतो. फुलेल त्या वर्षी मध वेगळा काढा. अन्नसुरक्षेच्या नियमातही त्याची दखल आहे. इतर मधाला सुक्रोजची मर्यादा ५ टक्के, कारवीच्या मधाला १०.

---

ओढ्याकाठी
१५ नोव्हेंबर, रात्री ९:३०

काका, माझं माहेरच तिथलं. गडहिंग्लजपासून पूर्वेला. भावाच्या विहिरीवर मका, दोडका, वांगी असतं. उद्याच फोन करते.

---

पाटगावकडची
१६ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

माहेरी गेलेल्या पेट्या! फार आवडलं. भावाला फवारणीचं आधी नीट समजावून सांगा, वांग्याला खूप औषध मारतात. आणि खोपीच्या अंगणात रात्री बल्ब लावत असाल तर त्याचा उजेड पेटीच्या दारावर येऊ देऊ नका. माश्या उजेडाकडे बाहेर येतात आणि तिथेच पडतात.

---

ओढ्याकाठी
४ ऑक्टोबर, रात्री ८:४०

मंडळी, जवळजवळ वर्षाने धागा वर आणतेय. ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांना काय झालं ते सांगायला हवं.

पेट्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात खोपीवर मांडल्या. पाच पेट्या, मधे आठ-आठ फूट, दारं आग्नेयेला. जांभळातल्या मोहोळाला हात लावला नाही. काजूच्या शेजाऱ्यांकडे घरोघर जाऊन आले. सहापैकी चौघांनी संध्याकाळी फवारायचं कबूल केलं आणि पाळलं. बाकी दोघं फोन तरी करत होते. फोन आला की मी दाराला जाळी लावायची.

पहिली चूक माझी. मार्चमध्ये एका पेटीच्या मागे गवत वाढलं होतं. वाट्यांत पाणी होतं म्हणून मी निर्धास्त. पण गवताचं एक पातं वाकून पेटीच्या तळाला टेकलं होतं आणि त्या एका पात्यावरून मुंगळ्यांची रांग वर चालली होती. दोन दिवसांनी पेटी रिकामी. आत पोळी जशीच्या तशी, पिल्लांसकट, माश्या मात्र एकही नाही. तेव्हापासून रोज येताजाता विळ्याने भोवतालचं गवत काढते.

राहिलेल्या चार पेट्यांपैकी तिघींनी मध दिला. मेमध्ये, चौकटी तीन चतुर्थांश मेणाने बंद झाल्यावरच काढला. तिन्ही मिळून अकरा किलो. जास्त नाही. पण एकेका पेटीत दोन चौकटी भरलेला मध ठेवूनच दिला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तीन पेट्या रात्री टेम्पोने माहेरी नेल्या. चौथी मुद्दाम खोपीवर ठेवली, मला बघायचं होतं. दर चार दिवसांनी पाक दिला, छपरावर पत्रा बांधला, चौकटी कमी केल्या. तरी ऑगस्टमध्ये सहा चौकटींवरून दोनवर आली. माशी काळपट, केस झडलेली दिसायची, आणि दारात पाच मिनिटं थांबलं तर एखादीच आत-बाहेर व्हायची. माहेरच्या तिन्ही पेट्यांत त्याच वेळी पिवळा पराग भरभरून येत होता, मक्याचा. भावजय रोज संध्याकाळी फोनवर सांगायची, "तुझ्या पोरी बऱ्या आहेत."

खोपीवरची पेटी वाचली. गौरीच्या आधी ऊन पडलं, कारळ्याची पहिली फुलं आली आणि आता ती चार चौकटींवर आहे. जांभळातलं मोहोळही आहे. पावसाळ्यात मी रोज वाकून बघत होते. जुलैत आठवडाभर काहीच हालचाल दिसली नाही तेव्हा वाटलं गेलं. मग एका सकाळी पाऊस थांबला आणि फटीत परत त्या दोन माश्या पंख हलवत उभ्या दिसल्या. ते जांभूळ आतून किती खोल आहे, त्यांनी मध किती साठवला असेल, कोण जाणे. पुढच्या वर्षी मी चारऐवजी दोनच चौकटी काढणार आहे.

गुऱ्हाळाच्या टाकीवर यंदा नायलॉनची जाळी बसवून घेतलीय. खर्च आम्ही आणि मालकांनी निम्मा-निम्मा केला.

काका, माहेरच्या तीन पेट्या परत कधी आणू? इथे अजून सकाळी धुकं आहे.

---

मधपाळ_जावळी
५ ऑक्टोबर, सकाळी ५:५०

घाई नको. टेकाडावर सोनकी पिवळी झाली की सकाळी दहाला जाऊन बघा. तुमच्या जांभळातली माशी त्यावर दिसली की त्याच रात्री टेम्पो सांगा.